धार काढतानाची चाल

साहिलला घरात कोणी बोलत नाही, म्हणून तो शेफारलाय. माझा नातू असला तरी सांगते. त्याच्या बहिणीच्या, पूनमच्या लेकीचं बारसं, तेही गावी, कापड्याला, आमच्या अंगणात. पाळणा म्हणायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा, म्हणजे माझा. आणि हा मुंबईहून कीबोर्ड घेऊन आला, पाळण्याला चिकटून मांडला.

"आजी, या वेळी तू बस निवांत. मी बाळासाठी नवी अंगाई केलीय. शब्द नाहीत, नुसते सूर."

"मग पोरीचं नाव काय तुझी पेटी सांगणार, मेल्या?"

पूनमची सासू विनोदिनीबाई, महाडची, तोंडाला पदर लावून हसली. माझ्या गळ्याचं आता खरं नाही, दोन ओळींत खोकला येतो, हे तिलाही ठाऊक. म्हणून तर जास्त लागलं. पाळण्याची दोरी हातातून गेली की म्हातारीला घरात बसायला कोपराच राहतो.

तो वाजवायला लागला. मी तोंड फिरवलेलं. पण चार सूर झाले नि माझी बोटं आपसूक मांडीवर हलायला लागली, अंगठा दुमडून, धार काढताना हलतात तशी.

वरच्या वाडीत होतो तेव्हा आमची मैना म्हैस, रेडकू मेल्यापासून कासेला हात लावू देईना. तिच्या कुशीला डोकं टेकून मी नाकातल्या नाकात गुणगुणायची, तेव्हा पान्हा सोडायची. साहिलची आई रानात, बोलायला लागला तरी हा लुगड्यात माझ्या पाठीशी बांधलेला. धार संपेस्तोवर माझ्या मानेवर त्याची लाळ गळायची, इतका गाढ झोपायचा. पुढे मैना गेली, गोठा बसला, वाडी खाली कापड्यात उतरली. ती चाल मीही कुठे टाकली, आठवत नाही.

"कुठनं आणलीस रे ही?"

"तुझीच धरून केलीय की, तू म्हणायचीस मला झोपवायला."

"तुला कुठली? म्हशीला म्हणायची मी!"

अंगण खदखदलं. विनोदिनीबाईंचा तर पदरच सुटला. साहिलचे हात पट्ट्यांवरून खाली आले, कानाच्या पाळ्या लाल. आता हा पेटी उचलून निघणार, ती चाल पुन्हा वाजवायचा नाही, आणि ती ओळखणारं माझ्याशिवाय कोणी उरणार नाही.

मी उठले नि पाळण्याची दोरी धरली.

"हसणाऱ्यांना हसू दे. वाजव तू. नाव मी सांगीन, तेवढा गळा हाय अजून. पण चाल बरी असली तरी तुझा हात बरा नाय, साहिल. किती पळतोस! धार काढताना असा पळाला असतास तर मैनानं लाथ घातली असती."