अमेरिका आणि बाराचा पहारा

सप्ताहाच्या सहाव्या दिवशी, दुपारी बारा वाजून सात मिनिटांनी, ज्ञानबाच्या ध्यानात आलं की आपण अडकलो.

गळ्यात वीणा, मुखात रामकृष्णहरी, समोर विठ्ठल-रखुमाई आणि ओटीपोटात लघवीची कळ. दहा ते बारा हा त्याचा पहारा, बारा ते दोन गुरप्पाचा. गुरप्पा आला नव्हता असं नाही. अंघोळ करून, गंध लावून, पांढरी टोपी घालून पावणेबारालाच हजर होता. पण देवळात न शिरता तो बाहेरच्या ओट्यावर देवळाकडे पाठ करून बसला होता.

ज्यांनी सप्ताह पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सात दिवस, रात्र नाही दिवस नाही, वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. ती जमिनीला टेकवायची नाही, खुंटीला टांगायची नाही, आणि ती गळ्यात असेपर्यंत बसायचं नाही की देवळाबाहेर जायचं नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. आणि देताना-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. आधी कुणी वाकायचं, हे या भजनी मंडळात कधी ठरलंच नव्हतं, कारण चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. तो आज पडला, आणि पाडला अमेरिकेनं.

ज्ञानबा एसटीत कंडक्टर होता. सोलापूर-बार्शी गाडीवर सगळी नोकरी गेली. उतारू सीटवर टाकून गेलेली वर्तमानपत्रं वाचून वाचून त्याला जगाचं ज्ञान झालेलं. गुरप्पा अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा. त्याचे टॉवेलचे आठ माग. त्याचा माल एका व्यापाऱ्यामार्फत थेट अमेरिकेत जायचा. दोघं एकाच कीर्तनात शेजारी बसून टाळ वाजवत म्हातारे झाले. त्यांची भांडणं फक्त जगाच्या कारभारावरून व्हायची, आणि तीही चहा गार होईपर्यंतच टिकायची.

गुरप्पाचं म्हणणं, "देश म्हंजे दुकान. फायदा दिसंल तिकडं त्याचं तोंड."

ज्ञानबाचं म्हणणं, "तसं नसतंय. मोठ्या देशाच्या डोक्यात एक कथा बसलेली असती. कधी वाटतंय, आपुन जगाचे तारणहार. कधी वाटतंय, आपल्याला जगानं लुबाडलं. त्या कथेवर त्यो चालतो. नफा-तोटा मागनं बघतो. व्हिएतनामात काय सोन्याची खाण होती काय, एवढी पोरं धाडली ती?"

"बंदुका खपल्या की."

"आणि पोरं मेली ती?"

मग चहा गार व्हायचा.

पुढं अमेरिकेनं भारतातून येणाऱ्या मालावरचं आयातशुल्क भलतंच वाढवलं. गुरप्पाच्या आठ मागांतले सहा थांबले. त्या दिवसांत एका एकादशीला कीर्तनकार महाराजांची गाडी करकंबहून यायला उशीर झाला. मंडळाचे सेक्रेटरी बिभीषण ज्ञानबाला म्हणाले, "जरा सांभाळा की तोवर." ज्ञानबाला आयुष्यभर कीर्तनाला उभं राहायची हौस. तो उभा राहिला आणि दृष्टांत दिला.

"अमेरिका न्हाऊन बाहेर आली. आंग पुसायला आपल्या गुरप्पाचा टॉवेल, मऊ आणि स्वस्त. पण ती म्हणती, जग मला लुबाडतंय! टॉवेल महाग करीन, वल्ली ऱ्हाईन, पण हा इचार सोडणार न्हाय! आता सांगा मंडळी, वल्लं कोण ऱ्हायलं?"

"गुरप्पा!" मागून कुणीतरी ओरडलं.

मंडप खो-खो हसला. गुरप्पाही हसला. टाळ खाली ठेवला, चप्पल शोधली आणि घरी गेला. त्याला आता दोन महिने झाले. त्या दिवसापासून तो ज्ञानबाशी बोललेला नाही.

बिभीषणनी मुद्दाम दोघांचे पहारे लागोपाठ लावले. वीणा देताना पाया पडतील, गळ्यात पडतील, मिटेल एकदाचं, हा त्यांचा हिशेब. तो हिशेब आता ओट्यावर पाठ करून बसला होता.

सव्वाबाराला बिभीषण बाहेर गेले आणि आत आले.

"ते म्हणत्यात, टॉवेलाचा दृष्टांत चुकला म्हणा. मग येतो."

ज्ञानबानं नाम न थांबवता मान हलवली. मग दोन नामांच्या मधल्या फटीत म्हणाला, "रामकृष्णहरी, चुकला कसा, रामकृष्णहरी, बरोबर हाय त्यो, रामकृष्णहरी."

बिभीषण बाहेर गेले आणि परत आले.

"ते म्हणत्यात, मग उभं ऱ्हावा."

"ऱ्हातो म्हणावं!"

उभं राहणं आणि लघवी धरून ठेवणं या दोन विद्यांवर ज्ञानबाची नोकरी पार पडली होती. पण तेव्हा त्याला साखरेचा आजार नव्हता. आता डॉक्टरांनी सांगितलेलं, तास-दीड तासानं जाऊन येत जा. सव्वादोन तास झाले होते. नामाची लय आपोआप वाढू लागली. सकाळी संथ चाललेलं रामकृष्णहरी आता उतारावरच्या गाडीसारखं धावत होतं.

"वा!" प्रसादाच्या पंगतीला आलेला एक पाहुणा हात जोडून म्हणाला. "काय तल्लीन झालेत!"

बिभीषणना वीणा घेता आली असती, पण वीणा माळकऱ्यानंच घ्यायची आणि त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ नव्हती. मटणासाठी त्यांनी ती उतरवून ठेवली, त्याला आता बारा वर्षं झाली होती. गुरप्पा सोडला तर त्या घडीला हजर असलेल्यांत माळ होती ती फक्त त्याच्या बायकोच्या, निंगव्वाच्या गळ्यात. आमटीचा डाव हातात घेऊन ती दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी," ज्ञानबा कळवळला, "तुमी तरी घ्या."

"मी घेतली की तुमचं भांडण आणि धा वर्सं चालंल भावजी. न्हाय घेणार." ती नवऱ्याकडे वळली. "अवो, उटा की!"

"त्यो बोलल्याबिगर न्हाय," ओट्यावरून आवाज आला.

निंगव्वानं डाव कपाळाला लावला आणि आमटीकडे गेली.

साडेबारा वाजले. ज्ञानबानं पाय बदलला. परत बदलला. एका पायाचा अंगठा दुसऱ्यावर दाबून धरला. आणि अशा त्या अवस्थेत, विठ्ठलाच्या शांत मुखाकडे पाहता पाहता, त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक शब्द बोललो की सुटका आहे. फायदा सरळ दिसतो आहे. तोटा तर धोतरापर्यंत येऊन ठेपलाय. तरी मी बोलत नाही. का? तर माझा विचार बरोबर आहे म्हणून! म्हणजे मी जे इतकी वर्षं सांगतोय ते हेच की! अमेरिका, अमेरिका म्हणत होतो, ती ही इथं उभी आहे, सोलापुरात, साखर असलेली.

त्याला हसू फुटलं. पण हसणं त्या घडीला परवडणारं नव्हतं. हसू त्यानं ओठात धरलं आणि पोट आवळून ओरडला, "गुरप्पा! चुकला म्हणतो! दृष्टांत चुकला! तुझं खरं हाय, देश काय आणि माणूस काय, पोटाम्होरं कुणाचं चालत न्हाय! ये लवकर!"

गुरप्पा दारात येऊन थांबला. त्यानं ज्ञानबाचे एकमेकांवर दाबलेले अंगठे पाहिले, घाम पाहिला.

"हे तू मनानं बोलतुईस का लघवीनं?"

"आरं, हे काय इचारायची येळ हाय का?"

"दाबात सही केलेला करार टिकत न्हाय. तूच सांगितलं होतंस."

"गुरप्पा, देवाच्या दारात इपरीत घडंल!"

"यप्पा!" म्हणत गुरप्पा धावला. दोघं समोरासमोर आले, आणि तो प्रश्न उभा राहिला, आधी कोण? ज्ञानबा वाकू शकत नव्हता. वाकला असता तर संपलंच होतं. गुरप्पानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, खाली वाकला, दोन्ही पायांना हात लावला. उठून स्वतःच्या गळ्यात वीणा चढवली, चिपळ्या घेतल्या.

"तुजं नंतर. पळ!"

ज्ञानबा पळाला. पंगत उठून बाजूला झाली. पाहुणा पुन्हा हात जोडून म्हणाला, "केवढी ओढ!"

तो परत आला तेव्हा हातपाय धुतलेले, कपाळावर नवा बुक्का, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू काल्याचं कीर्तन ऐकून आलाय. आता कुणी काही मागत नव्हतं. वीणा गुरप्पाच्या गळ्यात होती. ज्ञानबाला सरळ पंगतीला बसता आलं असतं.

तो गुरप्पासमोर येऊन उभा राहिला.

"आता मोकळा हाय मी," तो म्हणाला. "आता सांगतो. इचार माझा बरोबरच हाय. एकादा मोठा देश डोक्यातल्या कथेपायी सवताचं नुकसान करून घेतो, हे मी आज आंगावर काढलंय. ते सोडणार न्हाय. पण तुजे माग बंद पडले, तुज्या घरात आवाज व्हायचा थांबला, आणि मी त्याचा दृष्टांत केला. लोकं हसली, मला बरं वाटलं. मलाबी एक कथा झाली होती, की मी लई शाणा. ते चुकलं. ते लघवीनं न्हाय, मनानं सांगतो."

आणि तो वाकला. सावकाश वाकला, दोन्ही पायांवर डोकं टेकलं.

गुरप्पाचं नाम अडखळलं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते; एका हातात चिपळ्या, दुसरा तारेवर. ज्ञानबानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याचे डोळे पुसले. टॉवेल गुरप्पाच्याच मागावरचा होता.

"मऊ हाय की," गुरप्पा नामाच्या फटीत म्हणाला.

"त्यांचंच नुकसान."

"त्यांस्नी कळंल का?"

"कळंल. कळ आली की कळंल."

ज्ञानबा हसत पंगतीकडे वळला. आमटीचा वास सुटला होता. पण गुरप्पानं हाक मारली.

"ज्ञानबा! जेवायला कुटं निगालास? दोन वाजंपतुर हितंच बस, माज्या म्होरं."

"का रं?"

गुरप्पानं आवाज खाली आणला. "मलाबी साखर हाय की."