गढीवरची तिखट हिरवळ

मित्रांनो, नंदुरबारच्या उत्तरेला टेकाडावर जी जुनी गढी आहे, तिच्या बुरुजाखाली एक जाडजूड, गंजके लोखंडी नळकांडे पडलेले तुम्ही पाहिले असेल. तुमच्यातला कोणी त्याला तोफेचा तुकडा म्हणतो, कोणी तेल्याचा घाणा म्हणतो. मी तोफ नाही आणि घाणाही नाही. मी बागेचा रूळ आहे. जमीन दाबून सपाट करणे हे माझे काम. ते काम करताना मी एकदा जे दाबले, त्यापायी चांगल्या चांगल्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ती हकिगत मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका ओतशाळेत झाला. रसरशीत लोखंड साच्यात ओतले, गार झाल्यावर मला ठोकून पाहिले, आणि कारागीर घाम पुसत म्हणाला, "हा कोणाच्या बापाला उचलायचा नाही." आयुष्यातली माझी ही पहिली स्तुती. पुढे मालगाडीत बसून मी सुरतेवरून नंदुरबारला आलो. स्टेशनाबाहेर हमालांनी मला बैलगाडीच्या मागच्या टोकाला ठेवले मात्र, गाडीचे जू वर गेले आणि दोन्ही बैल मागच्या पायांवर उभे राहिले. बाजाराला आलेली माणसे ती गंमत पाहायला जमली. गावात माझा असा प्रवेश झाला.

ती सन एकोणीसशे चोवीस-पंचवीसच्या सुमाराची गोष्ट. पडकी गढी सरकारने नुकतीच जपायला घेतली होती. लोकांनी तिथे यावे, जुने बुरूज पाहावेत, फुलझाडांत बसावे म्हणून अंगणात बाग करायचे ठरले होते. त्या कामावर चिंतोपंत दाबके नावाचे ओव्हरसिअर आले. अंगाने काडीसारखे, डोक्यावर मात्र भली मोठी हॅट. बोलणे अगदी छापील. त्यांच्या हाताखाली नवल माळी होता. त्याने मोगरा लावला, सदाफुली लावली, जास्वंदीचे कुंपण केले. पण दाबक्यांना हवी होती हिरवळ. पुण्याला साहेबांच्या बंगल्यांपुढे असते तशी, मऊ आणि लुसलुशीत.

म्हणून नवल आणि मी कामाला लागलो. तो दांडा धरून ओढी आणि मी मागून घरंगळत जाई. दगडगोटे वेचले गेले, ढेकळे फुटली, आणि गढीचे अंगण ताटासारखे सपाट झाले. मग दाबक्यांनी विलायती गवताचे बी पेरले. ते चिमण्यांनी खाल्ले. दुसऱ्यांदा पेरले, ते मुंग्यांनी नेले. तिसऱ्यांदा पेरले तेव्हा थोडे उगवले, पण ते पाहायला दाबक्यांना जमिनीवर पालथे पडावे लागे.

इतके छान सपाट अंगण मोकळे पडलेले पाहून एका बाईच्या मनात मात्र वेगळाच विचार आला. ती गजराबाई. गढीखालच्या वाडीत तिचे शेत होते, आणि सबंध वाडीत तिच्या शब्दाला मान होता. थंडीत मिरचीचा तोडा झाला तशी ती चार बायकांना घेऊन टोपल्यांसह वर आली आणि अंगणभर लाल मिरचीची पथारी घातली.

"बाई, ही सरकारी हिरवळ आहे!" दाबके ओरडले.

गजराबाईने आजूबाजूला पाहिले. "कोठे शे? माले ते दखात नही."

दाबके हिरवळ दाखवायला खाली वाकले. नवल हळूच म्हणाला, "राहू द्या ना रावसाहेब. आठ-पंधरा दिवसनी गोट शे. वाळनी का त्या लई जातीन." मिरची वाळली की बायका नेतील, एवढ्यावर दाबके चडफडत गेले. मिरच्या राहिल्या. खरे सांगतो मित्रांनो, त्या लाल रंगात गढी फार देखणी दिसत होती.

आणि मिरची वाळत आली तोच एका सकाळी धुळ्याहून निरोप आला की मोठे साहेब मडमेसह आज दुपारीच बाग पाहायला येत आहेत.

दाबक्यांच्या तोंडचे पाणी पळाले. कारण साहेबांना त्यांनी केव्हाच सांगून ठेवले होते, की गढीवर हिरवळ गालिच्यासारखी पसरली आहे. आता अंगणात गालिचा होता खरा, पण लाल. साहेब रागावले तर बाग बंद होणार, दाबक्यांची बदली होणार, आणि नवलचे पोट तर त्या बागेवरच होते. त्यातून गजराबाई बाजाराला गेलेली. एवढी मिरची भरायला माणसे आणायची कोठून?

दाबके पथारीभोवती फेऱ्या मारू लागले. मारता मारता थांबले. "नवल, नदीकाठी हिरवे गवत आहे ना? गाडीभर आण. मिरचीवर पसर."

"रावसाहेब, अशी कशी हिरवळ?"

"पसर म्हणतो ना!"

गवत आले. पसरले. लांबून खरोखर हिरवळ वाटू लागली. पण जवळून ती उशीसारखी फुगलेली दिसे. दाबक्यांनी डोके तिरके करून पाहिले आणि ते अविचारी वाक्य बोलले, "वरून रूळ फिरव."

नवलने माझ्याकडे पाहिले. मी काय बोलणार? त्याने नाकाला उपरणे बांधले आणि दांडा धरला. माझ्याखाली कुडकुड, कुडकुड असा आवाज होऊ लागला. वाळलेल्या मिरच्यांचा असा चुरा झाला की जात्यानेही लाजावे. हिरवळ मात्र छान बसली.

साहेब आले. मडम आल्या. मागे मामलेदार आणि शिपाई. "ब्यूटिफुल!" असे म्हणून साहेबांनी हिरवळीवर पाऊल ठेवले. दुसरे ठेवले. तिसऱ्या पावलाला खालून तांबूस धूळ उठली.

आधी मडम शिंकल्या. मग साहेब. मग मामलेदार इतक्या जोरात शिंकले की त्यांची पगडी जास्वंदीत जाऊन पडली. शिपाई शिंकत सलाम करू लागले आणि सलाम करत शिंकू लागले. खाली झाडाला बांधलेला साहेबांचा घोडा दोर तोडून, घोड्यांचा बाजार भरतो त्या सारंगखेड्याच्या वाटेला लागला. दाबके तोंडावर हॅट धरून उभे होते, आणि हॅटमधूनही शिंका येत होत्या.

डोळे पुसत साहेबांनी बुटाने गवत बाजूला सारले. खाली लालभडक तिखट! "हे कोणी केले?" असे त्यांनी मामलेदारांकरवी विचारले.

दाबक्यांनी हॅट खाली केली. त्यांची नजर नवलकडे गेली. नवलने मान खाली घातली. तेवढ्यात दरवाजातून आवाज आला, "मी करं!"

गजराबाई बाजारातून परतली होती. डोक्यावरची पाटी उतरवून ती सरळ साहेबांपुढे येऊन उभी राहिली. आपल्या मिरचीचे काय झाले ते तिने एका नजरेत पाहिले होते, आणि दोघांचे चेहरेही पाहिले होते.

"मिरची मन्ही शे, सायेब. पाखरं टोचतस म्हनीसन गवत झाकं. दळाले येळ नव्हता म्हनीसन मीच नवलले सांगं, रूळ फिराव. तुम्ही आज येनार, हाई माले काय ठाऊक?"

मामलेदारांनी शिंका आवरत साहेबांना इंग्रजीत समजावले. साहेबांनी एकदा तिखटाकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि मोठ्याने हसले. मडमही हसल्या, पुन्हा शिंकल्या आणि पुन्हा हसल्या. हिरवळीचे नाव मग कोणी काढले नाही. नवलचा मोगरा पाहून मडम खूश झाल्या, आणि बाग चालू राहिली.

सगळे खाली उतरल्यावर दाबके गजराबाईपुढे हात जोडून उभे राहिले. "बाई, आज तुम्ही आम्हाला वाचवलेत. तुमचे नुकसानही मीच केले."

"हात नका जोडू," ती म्हणाली. "गवत येची द्या. सगळं. मंग तिखट चाळी द्या."

दाबके ओव्हरसिअर दोन दिवस मांडी घालून गवताच्या काड्या वेचत होते. नाक लाल, डोळे लाल. त्यानंतर त्यांनी हिरवळीचा नाद सोडला. अर्धे अंगण फुलांना दिले, अर्धे दर थंडीत वाडीच्या बायकांना. आणि त्या बायका येताना झाडांसाठी नदीवरून एकेक हंडा पाणी आणू लागल्या. ती बागेची सगळ्यांत चांगली वर्षे होती.

पुढे दाबके बदलून गेले. गजराबाई वारली. गढीकडे पाहायला सरकारला सवड होईना. विहीर आटली, मोगरा वाळला, माझा दांडा कोणीतरी काढून नेला. महायुद्ध सुरू झाले तेव्हा भंगार लोखंड गोळा करणारा एक कंत्राटदार माणसे घेऊन गढीवर आला. त्याने मला ठोकून पाहिले आणि खूश होऊन म्हणाला, "उचला."

नवल आता म्हातारा झाला होता. तो काठी टेकत आला आणि माझ्यावर बसला.

"हाऊ भंगार नही. हाऊ बागना रूळ शे."

"कोठे शे बाग?" कंत्राटदाराने विचारले. तिथे काटेरी झुडपे होती, आणि भिंतीच्या फटीत सदाफुलीचे एक रोप.

नवलने त्या रोपाकडे काठी दाखवली. "ती काय!"

माणसांनी मला हलवून पाहिले. मी हललो नाही. नवलही हलला नाही. शेवटी कंटाळून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवल कुदळ घेऊन आला. आपण बाग आहे म्हणालो, तर ती असायला हवी, एवढेच त्याच्या मनात होते. त्याने माझ्या चारी बाजूंनी मोगऱ्याच्या काड्या खोचल्या. त्यांतल्या काही जगल्या आहेत.

तर मित्रांनो, गढीवर याल तेव्हा बुरुजावर नावे कोरू नका, फुले ओरबाडू नका. मला तेलपाणी नाही केलेत तरी चालेल, गंज खातच मी पुष्कळ वर्षे काढीन. पण येताना तांब्याभर पाणी आणा आणि त्या मोगऱ्याला घाला. नवलला आता नदीवरून पाणी आणवत नाही, आणि बाग आहे हा त्याने त्या दिवशी उच्चारलेला शब्द खोटा पडायला नको.