खोट्या ठाण्यातली खरी खुर्ची

मित्रांनो, माझ्या पाठीवरून बोट फिरवाल तर आधी करडा रंग लागेल, तो उडाला आहे तिथे हिरवा, आणि हिरव्याच्या खाली गंज. मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलेही असेल. मोठ्या शहरातल्या खुनांचा तपास करणाऱ्या पोलिसांची एक मालिका टीव्हीवर लागायची. तिच्यात संशयिताला ज्या खुर्चीवर बसवून प्रश्न विचारत, ती मी. पण मला कोणी ओळखत नाही, कारण सगळ्यांचे लक्ष बसणाऱ्याच्या तोंडाकडे असते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. नळ्या कापणाऱ्या कारागिराच्या हातून माझा एक पाय किंचित आखूड कापला गेला. "चालतंय," तो सोबत्याला म्हणाला, "ठाण्यात जायचीय ही, लग्नात नाही." आणि खरोखरच माझी रवानगी पोलीस ठाण्यात झाली. खुनाचा तपास करणाऱ्या पथकाची तिथे एक अरुंद खोली होती. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी.

त्या खोलीत बसणाऱ्या अधिकाऱ्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण तो दिवसभर तोंड उघडत नसे. "आज रेडिओ लागतोय का?" असे शिपाई एकमेकांना हळूच विचारत. मी डुगडुगते हे पाहून त्याने पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याची घडी करून माझ्या पायाखाली सरकवली. "आधीच घाबरलेला माणूस बसतो इथे," तो म्हणाला. "त्याला आणखी हलवायला नको."

माझ्यावर खूप जण बसले. काही खोटे बोलले, काही खरे बोलून रडले. पण विसरता येत नाही ती एक आई.

ती एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुण्याचे काम करायची. तिच्या हातांना कायम साबणाचा वास असे. तिचा एकुलता एक मुलगा नुकता नोकरीला लागला होता. एका संध्याकाळी निळ्या सायकलवरून घरी येताना रेल्वेच्या पुलाखाली कोणीतरी त्याला मारून टाकले. कोणी मारले, का मारले, काहीच कळले नाही. रेडिओने तिला ती बातमी याच खोलीत सांगितली. ती रडली नाही. "सकाळी डबा विसरला होता तो," एवढेच म्हणाली. "मी हाक मारली होती मागून."

मग ती सुट्टीच्या दिवशी येऊ लागली. माझ्या पाठीला तिने कधी पाठ टेकवली नाही. आत्ता कोणी बोलावले तर लगेच उठता यावे, तशी काठावर बसायची. रेडिओ म्हणायचा, "ताई, शोधतोय." ती म्हणायची, "बरं." असेच वर्षांमागून वर्षे चालले. रेडिओचे केस पांढरे झाले. तिचेही झाले.

पुढे ठाण्याला नवा रंग लागला, गरगर फिरणाऱ्या खुर्च्या आल्या, आणि आम्हा जुन्यांना मागच्या अंगणात एकावर एक रचून ठेवले. ऊन खाऊन माझा हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटू लागला. आता भंगारात जायचे, असे मी मनाशी धरूनच चालले होते. पण एक दिवस टेंपो घेऊन मालिकेचा सामानवाला आला. निवृत्त झालेला रेडिओ त्या मालिकेचा सल्लागार झाला होता, आणि त्यानेच आमचा पत्ता दिला होता.

मित्रांनो, माझे नवे घर म्हणजे एक भली मोठी शेड होती. तिच्यात तीन भिंतींचे ठाणे उभे केले होते. भिंती ठोकल्या तर पोकळ वाजत. खिडकीबाहेर सूर्याऐवजी दिवा होता. मला करडा रंग मिळाला. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर एका माणसाला गोळी लागली. तो कोसळला, शर्ट लाल झाला. मी आतून गार पडले. तेवढ्यात कोणी तरी "कट" म्हणाले, आणि मेलेला माणूस उठून कपडे झटकत म्हणाला, "चहा आला का?" त्या लाल रंगात साखरेचा पाक होता. दुपारपर्यंत माझ्या पायांना मुंग्या लागल्या.

हळूहळू मला सवय झाली. मालिका गाजली. लोक येऊन माझ्यावर बसून फोटो काढायचे, आणि मी मनातल्या मनात फुगायचे. पण एखादा मेलेला माणूस उठून चहा प्यायला गेला की मला तो पुलाखालचा मुलगा आठवायचा. त्याच्या वेळी कोणीच कसे "कट" म्हणाले नाही, असे वाटून जायचे.

एकदा लेखकाच्या गोष्टी संपल्या. त्याने रेडिओला गळ घातली, आणि रेडिओने त्याला त्या मुलाची हकीकत सांगितली. लेखकाने नाव बदलले, शहर बदलले आणि शेवट जोडला. मालिकेतल्या इन्स्पेक्टरने खुन्याला शोधून माझ्यावर आणून बसवले. खुन्याचे काम करणारा नट असा काही रडला की सगळ्या शेडने टाळ्या वाजवल्या. तो भाग घराघरात पाहिला गेला.

थोड्याच दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, रखवालदार एका बाईला आत घेऊन आला. दिग्दर्शिका बाईंनी तिला बसायला सांगितले. ती माझ्यावर बसली, अगदी काठावर, आणि मी तिला ओळखले. वजन आता खूपच कमी झाले होते. साबणाचा वास तोच होता.

"मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "कोपऱ्यावरचा दुकानदार मला म्हणाला, मावशी, बरं झालं, सापडला एकदाचा. मी म्हटलं, कोण? तर म्हणे, टीव्हीवर दाखवलं ना, तुमच्याच पोराची गोष्ट ती. माझी सख्खी बहीण म्हणते, आता तरी शांत झोप. मी पोराचं नाव काढलं की लोक म्हणतात, झालं ना आता. तुम्ही त्याला पकडलंत, आणि माझ्या पोरासाठी कुणी काही विचारायचंच बंद झालं."

"आम्ही नाव बदललं होतं," बाई अडखळत म्हणाल्या.

"सायकल नाही बदललीत."

रेडिओ दाराशी उभा होता. तो पुढे आला. "ताई, मीच सांगितलं त्यांना."

"माहीत आहे. त्या सायकलची घंटा तुटकी होती, हे मी तुमच्याशिवाय कुणाला सांगितलं होतं?"

"शेवट माझा नव्हता," रेडिओ म्हणाला. "पण बघताना मला बरं वाटलं. घटकाभर वाटलं, खरंच सापडला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मलाही वाटलं," ती म्हणाली. "मग जाहिरात लागली."

शेडमध्ये कोणी ताटातला घाससुद्धा उचलला नाही.

दिग्दर्शिका बाईंनी दुसऱ्याच दिवशी ठरवले की नवा भाग करायचा. पकडलेला माणूस खरा खुनी नव्हता, हे इन्स्पेक्टरने स्वतः त्या आईला सांगायचे, आणि तिथेच गोष्ट थांबवायची. वाहिनीचा साहेब धावत आला. "मॅडम, लोकांना शेवट लागतो. दिवसभर राबून येतात बिचारे. असं अर्धवट बघून त्यांना झोप लागेल का?"

"त्या बाईंना लागते तेवढी लागेल," बाई म्हणाल्या.

चित्रीकरणाच्या दिवशी इन्स्पेक्टर झालेल्या नटाला ते एक वाक्य काही केल्या जमेना. तो रेडिओकडे गेला. "हे सांगता कसं हो तुम्ही?"

"मान खाली घालू नका," रेडिओ म्हणाला. "समोरचा माणूस आपल्या तोंडाकडे बघत असतो. त्याला तेवढं तरी बघू द्यायचं."

त्या भागाच्या शेवटी, आईच्या संमतीने, तिच्या मुलाचा खरा फोटो दाखवला. खाली लिहिले होते की याला मारणारा अजून सापडलेला नाही. बरेच प्रेक्षक चिडले. काहींनी मालिका बघायचीच सोडली, आणि पुढच्या काही महिन्यांत ती बंद पडली. काहींनी, आपल्याला काही तरी ठाऊक आहे म्हणत, फोन केले. रेडिओने त्यातला एकेक निरोप ठाण्यात नेऊन पोहोचवला, आणि नव्या अधिकाऱ्याच्या मागे लागून प्रत्येकाची चौकशी करवली. मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवू? त्यातून काही निघाले नाही. तो माणूस आजही सापडलेला नाही.

पोकळ भिंती खाली उतरवत होते त्या दिवशी ती आई रेडिओला भेटायला आली. दोघे त्या मोडक्या ठाण्यात समोरासमोर बसले.

"दुकानदारानं विचारलं आज," ती म्हणाली. "मावशी, काही कळलं का? म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"नाही अजून, म्हटलं." तिने पदराने तोंड पुसले. "मग त्यानं स्टूल पुढे केलं. बसले थोडा वेळ. पोरगा कसा होता ते विचारत होता."

त्या दिवशी रेडिओ तिला बसपर्यंत सोडायला गेला.

आता मी एका गोदामात असते. मधूनमधून कोणी तरी नेते, कधी शाळेच्या नाटकात, कधी एखाद्या जाहिरातीत, आणि परत आणून टाकते. गंज वाढतो आहे. कधी कधी भर दुपारी, गोदामात चिटपाखरू नसताना, माझ्या पायांवर एकदम भार येतो, कोणी तरी येऊन काठावर बसावे तसा. मी दचकत नाही. कोण आहे ते मला माहीत असते. कधी ती असते, आणि कधी तिच्यापेक्षाही हलके कोणी तरी, सायकलवरून दमून घरी निघालेले. मी हलत नाही. जितका वेळ हवा तितका वेळ बसू देते.

मित्रांनो, मला तेलपाणी केलेत तर मला आनंदच होईल. पण तुमच्या गल्लीत, तुमच्या वर्गात, तुमच्या घरातसुद्धा कोणी तरी कशाची तरी वाट पाहत असेल. त्याला 'झालं आता, विसर' असे सांगू नका. त्याच्याजवळ जरा बसा, आणि विचारा. उत्तर तेच असेल हे ठाऊक असले, तरी विचारा.