पिल्लाचं नाव

पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला तशी रश्मी पिल्लाला घेऊन आणखी दोन पावलं पुढे सरकली. पिल्लाचे कान मागे गेले, शेपूट पायांत गेलं. पण पळालं मात्र नाही. तिनं लगेच बिस्किटाचा तुकडा त्याच्या पुढ्यात धरला.

"ताई, कुत्र्याला गिरणी दाखवायला आणणारी तूच पहिली," पिठानं पांढराफटक झालेला दत्ता गिरणीवाला म्हणाला.

हसेनात का लोक! तिच्या आजोबांनी, भिमाजीआबांनी, अटच तशी घातली होती. पिल्लू माणसांत वागायला शिकलं तर घरात राहील, नाहीतर रविवारी पाटसच्या मावशीकडे रवानगी. आबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि रश्मीचा तर त्या एवढ्याशा जिवावर पार जीव जडलेला. म्हणून कंपनीतून सुटली की ती त्याला घेऊन गावभर हिंडे. हेल्मेटवाला, काठीवाला, छत्रीवाली, गाणी वाजवत जाणारी उसाची ट्रॉली, सगळ्यांशी तिनं त्याची ओळख करून दिली. पिल्लू सगळं नाक पुढे करून हुंगत होतं.

एकच कोडं सुटत नव्हतं. तिनं हौसेनं 'टायगर' नाव ठेवलं होतं, आणि टायगर म्हणून घसा कोरडा केला तरी ते ढुंकून बघत नसे. मग एकदा शेजारच्या धुरपदाकाकू केरसुणी उगारून ओरडल्या,

"हाड! हाड!"

आणि पिल्लू आनंदानं धावत जाऊन त्यांच्या पायांशी बसलं. काकूंची केरसुणी वरच राहिली.

रश्मीनं डोक्याला हात लावला. ज्या दारात जावं तिथं पहिला शब्द हाच. मग बिचाऱ्यानं दुसरं काय समजायचं? तिला त्याचं भारीच कौतुक वाटलं.

शनिवारी संध्याकाळी विहारासमोरच्या कट्ट्यावर आबा चारचौघांत बसले होते, धुरपदाकाकूही होत्या. रश्मीनं पिल्लाला लांब सोडलं.

"आबा, आता गंमत बघा. हाड!"

पिल्लू कान उडवत, अख्खं अंग हलवत धावत आलं. कट्टा खो खो हसला. आबा हसले नाहीत.

"ते म्हणू नगंस," ते म्हणाले.

रश्मी पुढे झाली. "पण आबा, कुणाला चावत नाही, कशाला भीत नाही आता..."

"ते दिसलं मला." आबा पिल्लाकडे बघत राहिले. "मी बारका व्हतो तवा आईसंगं मळ्यावर जायचो. ती कामाला. मालकाच्या अंगणात पाय टाकला, की त्यांची म्हातारी मला हेच म्हणायची. मला वाटायचं, माझं नावच हाय. असाच जायचो पळत."

कट्ट्यावरचं हसू विरलं. धुरपदाकाकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"मग?" रश्मीनं हळूच विचारलं.

"मग आईनं मागं वढलं. म्हनली, तुला बोलवत न्हाईत रं त्या."

आबांनी हे घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. विचारायचं म्हणून रश्मीनं विचारलं, "उद्या मावशीकडं न्यायचं का मग?"

"कशाला?"

आबा गुडघ्यावर हात टेकून कट्ट्यावरून उतरले आणि पिल्लापासून थोडे दूर जाऊन वाकले.

"अहो, इकडं या," ते पिल्लाला म्हणाले.

पिल्लानं मान तिरकी केली. जागचं हललं नाही. रश्मी बिस्कीट काढायला लागली, तसा आबांनी हातानंच तिला थांबवलं.

"ऱ्हाऊ दे. नुसत्या हाकंवर यिल. पयल्यांदाच ऐकतंय, उमगाया येळ लागंल."

आणि ते पुन्हा म्हणाले, "या."