मास्तरांचा कागद

क्रेनबाईचं डोकं ठिकाणावर नाही, असा निकाल सोमवारी सकाळी दहा वाजता लागला. आणि तो लावणारा कोण, तर ज्याला स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा धड लावता येत नव्हता असा माणूस.

लोखंडी पाइप उचलून ट्रेलरवर रचायचे, हे त्या यार्डातलं काम. जमिनीपासून साठ फुटांवर क्रेनची केबिन, आणि त्या केबिनमध्ये बारा वर्षं ही बाई. बारा वर्षांत तिने कुणाच्या नखालासुद्धा पाइप लागू दिला नव्हता. पण मुख्य ऑफिसला मध्येच शहाणपण सुचलं, की कामगारांची मनं तपासून घ्यावीत. म्हणून हे मानसशास्त्रज्ञ आले. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, आणि तोंडावर असं हसू, की धडधाकट माणसालाही आपल्याला काहीतरी झालंय असं वाटावं. यार्डाने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव मोजणीसाहेब ठेवून दिलं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी सगळ्यांकडून प्रश्नांचा एक कागद भरून घेतला होता.

"बसा मॅडम. घाबरू नका," मोजणीसाहेब म्हणाले.

"घाबरायचं काय त्यात? मी रोज साठ फुटांवर बसते."

त्यांनी हेही टॅबलेटवर टिपून घेतलं. मग टॅबलेट तिच्याकडे वळवला. एका कोपऱ्यात ठिपक्यांचा गठ्ठा होता, एकावर एक चढलेला, आणि दुसऱ्या टोकाला एकच ठिपका.

"हे तुमचे एकोणचाळीस सहकारी. आणि हा लांबचा दिसतोय ना, त्या तुम्ही."

"बरं. मग?"

"वागणं असामान्य आहे की नाही, हे ठरवायला आमच्याकडे चार कसोट्या असतात. चार लोकांपेक्षा वेगळं आहे का? समाजाच्या चौकटीत बसतं का? माणसाला त्याचा त्रास होतो का? त्याच्या कामात अडथळा येतो का?"

क्रेनबाईने बोटांवर मोजलं. "काम माझं चोख आहे. चौकट म्हणाल, तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि त्रास मला काहीच नाही."

"तेच तर!" मोजणीसाहेब पुढे सरकले. "तुमच्या कागदावर झोप छान, भूक छान, सकाळी कामावर यावंसं वाटतं. इथे एकालाही असं वाटत नाही. एकोणचाळीस जणांची झोप उडालेली आणि तुम्ही एकट्या मजेत? माणूस दुःख आत दडपतो तेव्हा असं होतं."

"अहो, मला झोप लागते त्याला मी काय करू?"

"राग येतोय का?" त्यांनी मायेने विचारलं, आणि तेही टिपलं.

"आणि ते एकोणचाळीस जण? झोप त्यांची उडालीय, मग आजारी ते नाहीत?"

"ती या जागेची सरासरी आहे, मॅडम. अवजड काम, धूळ, आवाज. इथे तेच सामान्य."

यावर काय बोलणार, कपाळ! गुरुवारी अकरा वाजता फेरचाचणी ठरली. बाईंची उत्तरं सरासरीच्या जवळ आली तर ठीक, नाहीतर क्रेन बंद. कायमचं खाली यायचं आणि गोदामात बसून पाइपांना लेबलं चिकटवायची. क्रेनबाईला दुसरं काही येत नव्हतं असं नाही, पण वर गेल्यावर तिला जसं मोकळं वाटायचं तसं दुसरीकडे कुठेच वाटत नव्हतं.

ऑफिसचा जिना उतरून खाली आल्यावर तिने यार्डातल्या फिटरला सगळं सांगितलं, तर तो मेला हसत हसत पाइपावरच बसला.

"अहो क्रेनबाई, तुम्ही कागद स्वतःच्या मनाने भरलात?"

"मग काय तुझ्या मनाने भरू? तपासणी माझ्या मनाची होती ना!"

"काय पण बाई! उत्तर चुकलं की नोकरी जाणार, असं कॅन्टीनमध्ये कानावर आलं. आता बरोबर उत्तरं येणार कुणाला? मास्तरांना. त्यांचा कागद टेबलाटेबलावरून फिरला. सगळ्यांनी घेतला उतरवून. तुम्ही तेव्हा ट्रेलर भरत वर होतात."

मास्तर म्हणजे यार्डाचे टाइमकीपर. फाटकाजवळच्या खोलीत बसून आल्या-गेल्याची वेळ लिहायची. तीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एक खाडाखोड नव्हती, आणि मोत्यासारखं अक्षर. म्हणून मनाची उत्तरंही त्यांचीच बरोबर, असा हिशोब अडतीस जणांनी केला. अडतीस डोकी, आणि सगळी त्या दिवशी घरी विसरलेली! आणि वर तो मोजणीसाहेब, एकाच कागदाच्या नकला मोजून सरासरी काढतो आणि तिला विज्ञान म्हणतो. क्रेनबाईला यार्डाची आणि साहेबाची, दोघांचीही इतकी किळस आली की तिने हातमोजे काढून जमिनीवर आपटले.

"आपटा नंतर. मी फोटो काढून ठेवलाय, तो पाठवतो," फिटर म्हणाला. "पाठ करा आणि गुरुवारी लिहून मोकळ्या व्हा."

बुधवारी संध्याकाळी ती खरोखरच पाठ करायला बसली. क्रेनसाठी लाज सोडायची तिची तयारी होती. तिचा नवरा शिंपी. त्याने मशीन थांबवलं, चष्मा चढवला आणि फोनवरून एकेक प्रश्न वाचायला लागला.

"गेल्या वर्षात जवळचं कुणी वारलं का?"

"हो. पत्नी."

"फिटरनेही हेच लिहिलंय?"

"अहो, सगळ्यांनी."

"अगं, पण त्याचं तर लग्नच व्हायचंय!" शिंप्याला हसू आवरेना. "आणि अडतीस जणांच्या बायका एकाच वर्षात गेल्या, तरी तुमच्या साहेबाच्या कपाळावर आठी नाही? धन्य आहे!"

तीही पोट धरून हसली. मग पुढचे प्रश्न आले. झोप लागते का? नाही. जेवणाला चव लागते का? नाही. कुणाशी बोलावंसं वाटतं का? वाटतं, पण कुणी नसतं. शिंप्याचा आवाज हळूहळू खाली येत गेला. तेहेतिसाव्या प्रश्नाला तो अडखळला.

"आपण नसलेलंच बरं, असं मनात येतं का?"

"रोज," ती घोकल्यासारखं म्हणाली, आणि तिचा तिलाच तो शब्द ऐकू आला.

शिंप्याने फोन खाली ठेवला. "हे खरं कुणाचं आहे गं?"

मास्तरांची बायको जाऊन सात महिने झाले होते. त्या दिवशी सगळं यार्ड तासभर त्यांच्या दारात उभं राहून आलं होतं. तीही होती. "फार वाईट झालं" असं म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागले, तीही लागली. आता तिला आठवायला लागलं. मास्तरांचा डबा हल्ली संध्याकाळी जसाच्या तसा घरी जातो. मास्तर हल्ली शेवटच्या माणसानंतरही खोलीतच बसलेले असतात. साठ फुटांवरून तिला हे रोज दिसत होतं, आणि तिनेही बघितलं नव्हतं. दुसऱ्यांना कसल्या शिव्या घालतेस, असं तिने स्वतःलाच म्हटलं.

गुरुवारी दहा वाजताच तिने मोजणीसाहेबांचं दार ढकललं.

"माझं राहू द्या. आधी टाइमकीपरचा कागद बघा."

त्यांनी टॅबलेटवर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! अगदी मधोमध. तुमच्या यार्डातला सगळ्यात सामान्य माणूस आहे हा."

"कारण बाकीच्यांनी त्यांचंच उतरवलंय! बिनलग्नाच्या फिटरची बायको मेली, हेसुद्धा दिसलं नाही तुम्हाला? तो माणूस रोज मरणाचा विचार करतो, असं स्वतःच्या हाताने लिहून दिलंय त्याने."

मोजणीसाहेबांचं बोट टॅबलेटवर जिथल्या तिथे थांबलं. त्यांना कळलं होतं. कळलं होतं हे तिला स्पष्ट दिसलं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. मग त्यांनी टॅबलेट उपडा ठेवला.

"हे बघा मॅडम, अहवाल मुख्य ऑफिसला गेलाय. आकडे इतके एकसारखे आले म्हणून तिथे कौतुकही झालंय. आता एका माणसासाठी सगळं मागे घ्यायचं..."

"तुमच्या कौतुकाला आग लागो."

"अकरा वाजता या. शांत मनाने," ते म्हणाले, आणि त्यांचं ते हसू परत जागेवर आलं.

ती जिना उतरून सरळ फाटकाजवळच्या खोलीत गेली. मास्तर पट्टीने रजिस्टरात रेघा मारत होते. तिने फोन त्यांच्यासमोर धरला.

"मास्तर, हे खरं आहे?"

त्यांनी स्वतःचं अक्षर बराच वेळ पाहिलं. "खरंच लिहिलं होतं, बाई. तोंडाने बोलवेना. म्हटलं, वाचून कुणीतरी बोलावेल. तीन आठवडे झाले."

"अडतीस जणांनी वाचला हो तुमचा कागद!"

"वाचला नाही. उतरवला," मास्तर म्हणाले, आणि पट्टी हातात धरून लहान मुलासारखे रडायला लागले.

तिने त्यांना रडू दिलं. मग पाण्याचा ग्लास पुढे केला. "उठा. माझ्या नणंदेला सरकारी दवाखान्यात ज्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं, त्यांच्याकडे जायचंय. त्या आधी ऐकून घेतात, कागद नंतर काढतात."

"रजिस्टर कोण बघणार?"

"खड्ड्यात गेलं रजिस्टर."

तेवढ्यात अकरा वाजले आणि भोंग्यावरून घोषणा खरखरली. क्रेन ऑपरेटरने फेरचाचणीसाठी ताबडतोब हजर व्हावं.

"बाई, तुम्ही जा," मास्तर घाबरून म्हणाले. "क्रेन जाईल तुमची."

"जाईल," ती म्हणाली. खिडकीतून तिला वरची केबिन दिसत होती, काचेवर ऊन पडलेलं. बारा वर्षं. तिने तिकडे पाठ केली. "तुम्ही चपला घाला."

मास्तर उठले, पण सवय जाईना. बाहेर जाणाऱ्याची नोंद केल्याशिवाय फाटक ओलांडायचं नसतं. त्यांनी रजिस्टर ओढलं, वेळ लिहिली, आणि कारणाच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे जरा थांबून 'आजारी' असं लिहिलं. मग पेन वर धरून तिच्याकडे पाहिलं.

"तुमच्या नावापुढे काय लिहू?"

"'सोबत' लिहा."

त्यांनी लिहिलं, शाई वाळेपर्यंत थांबले, आणि मग दोघं फाटकाबाहेर पडली.