चौकटीची आतली कड

स्वस्तातली स्प्रे गन म्हणजे तोंडात तंबाखू धरलेला माणूस. नीट बोलता बोलता मध्येच पचकन थुंकणार. माझी चांगली गन ऐन कामात बिघडली, सुनावणी तोंडावर आलेली, म्हणून बाजारातून हाताला लागेल ती उचलून आणली. पंधरा वर्षं बिल्डरांच्या इमारतींची चिमुकली मॉडेलं रंगवून मी स्वतःला मोठा शहाणा समजत होतो. म्हटलं, गनचं काय एवढं, हात चांगला असला की झालं.

काम चौकशी समितीचं होतं. जळालेल्या कारखान्याच्या गोदामाचं मॉडेल, टेबलावर मावेल एवढं. त्या आगीत सात माणसं गेली, त्यातले एक माझे भाऊजी, ताईचे यजमान. हे मी समितीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं, आणि तो दुसरा मालकाच्या खिशात नसता कशावरून? मालक म्हणत होता, मागचं दार उघडंच होतं, माणसं आपलं सामान आणायला परत आत गेली. म्हणजे जिवानिशी गेली ती गेली, वर मूर्खही ठरली.

"दाराला बाहेरून कुलूप असायचं," ताई म्हणाली. "हे रोज घरी येऊन सांगायचे. तू फक्त जसं होतं तसं कर. दुसरं काही नको मला."

बंबवाल्यांनी दार तोडून फेकलेलं, पुढे गोदामही पाडलेलं. उरला एक फोटो. दार बंद असलं की त्याच्याआड झाकलेली चौकटीची आतली कड काजळीतून वाचते. फोटोत भिंती काळ्याठिक्कर होत्या आणि ती कड स्वच्छ पिवळी. माझ्या मॉडेलमध्ये तिची रुंदी जेमतेम दोन मिलिमीटर.

कडेवर टेप लावली आणि काजळी मारायला घेतली. गन अडकायला लागली. नोझल धुतलं, सुई काढून पुसली, पुन्हा तेच रडगाणं. शेवटी वैतागून रंगात थिनर ओतलं, दुधापेक्षा पातळ केला. मग गन सुरेख चालली. भिंतीवर काजळी अशी चढली की माझीच पाठ थोपटून घ्यावीशी वाटली.

इतका पातळ रंग टेपखाली शिरतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. म्हणूनच टेप काढल्यावर कड भिंगाखाली तपासायची असते. पण तोवर मी दाराशी माणसं चिकटवली होती, फोटोत पडली होती तशीच, नखाएवढी. त्यातले एक भाऊजी. मला तिकडे बघवेना. मान वळवून टेप ओढली आणि मॉडेल खोक्यात घातलं.

सुनावणीत मालकाच्या वकिलाने पेनाचं टोक नेमकं तिथेच टेकवलं. "आतली कड बघा साहेब. काळी आहे. म्हणजे दार उघडं होतं. आणि हे मॉडेल आमचं नाही, समितीनेच करून घेतलंय."

मी उठलो. "साहेब, चूक माझी आहे. रंग टेपखाली गेला. आत्ता खरवडून दाखवतो, फोटोशी ताडून बघा."

"बरी आठवण झाली!" वकील हसला. "मृतांपैकी कुणी तुमच्या नात्यातलं आहे का हो?"

ताई मागच्या बाकावर बसली होती. हो म्हटलं असतं तर मॉडेलही गेलं असतं आणि माझ्या शब्दाची किंमतही. मी तिच्याकडे बघितलं. तिने अगदी किंचित मान हलवली. नाही म्हण.

"कुणी नाही," मी म्हणालो. ज्यांनी मागे धावत धावत मला सायकल शिकवली, त्या माणसाबद्दल मी हे म्हणालो. माझी मलाच शिसारी आली.

समितीच्या अध्यक्षांनी खरवडायला परवानगी दिली. ब्लेडने काळा थर निघाला, खालून पिवळी कड आली. अध्यक्षांनी बराच वेळ भिंगातून कधी ती, कधी फोटो बघितला आणि कारकुनाला नोंद करायला सांगितली. वकिलाचं हसू मावळलं.

मग ताईला पुढे बोलावलं. "तुमचे यजमान कुठे सापडले, ते दाखवा."

ती टेबलापाशी आली. माझा हात अजून दाराशीच होता.

"ओ मॉडेलवाले, हात काढा जरा," ती म्हणाली.

मी हात काढला. तिने दाराला अगदी खेटून पडलेल्या माणसावर बोट ठेवलं. "हे," एवढंच म्हणाली, आणि टेबलाला धरायला गेली. ती पडणार हे मला सगळ्यांच्या आधी दिसलं. पण तिला सावरायला शिपाई धावला. मी तिचा कुणी नव्हतो. मी ब्लेड पुसत उभा राहिलो.