पुरे की पुढे

वर्गात मूल अडखळलं की मी "पुढे?" म्हणतो. घरी कोणी तोंड उघडलं की "पुरे!" म्हणतो. यावरून बायकोने एक म्हणच करून ठेवली आहे: शाळेत पुढे, घरी पुरे. मी भाषेचा शिक्षक आहे. अक्षरन् अक्षर स्वच्छ उच्चारावं एवढाच माझा आग्रह, आणि त्या आग्रहानेच शेवटी माझा घात केला.

यंदाची सहल डोंगरमाथ्यावरच्या मठात न्यायचं मोठ्या बाईंनी ठरवलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी ठरवलं की ते ठरलं. मी माझ्या गुडघ्यापायी एखादी बाग सुचवली होती, पण शिक्षकाच्या गुडघ्याला शाळेत मत नसतं.

माझी लेक, बारकी, याच वर्गात आहे. शाळेच्या वेळात तिने मला 'सर' म्हणायचं असा माझा नियम आहे, आणि सहल ही शाळेचीच वेळ. तशीही हल्ली ती घरीसुद्धा मला काहीच म्हणत नव्हती. तिला बंदराच्या शहरात जाऊन जहाजांची इंजिनं दुरुस्त करायला शिकायचं होतं. तिथे जागा मिळाली होती आणि येणार की नाही हे सोमवारी कळवायचं होतं. माझं म्हणणं सरळ होतं. आपल्या घरात तीन पिढ्या खडू आहे, पाना नाही. तिने इथेच शिकावं, शिक्षिका व्हावं, एक दिवस माझ्या खुर्चीत बसावं. त्या खुर्चीचा पाय सारखा ढिला होतो आणि तो दर वेळी बारकीच आवळून देते, ही गोष्ट वेगळी.

बस पायथ्याशी थांबली. तिथून वर पायऱ्याच पायऱ्या. अर्ध्या वाटेत गुडघ्याने राजीनामा दिला. वर्गाचा म्होरक्या, ज्याला सगळे पुढारी म्हणतात, जाता जाता म्हणाला, "सर, सावकाश या. मठ काही पळून जात नाही." पोरं हसली. बारकी हसली नाही, पण थांबलीही नाही.

मी वर पोचलो तर अंगणात आणखी एक जिना. वरच्या दालनातल्या भिंतीत एक कोनाडा आहे. ज्या साधूंनी हा मठ बांधला त्यांना लोक नुसतं 'बाबा' म्हणतात. बाबा जाऊन युगं लोटली, तरी कोनाड्यात तोंड घालून मनातलं बोललं की त्यांना पोचतं, म्हणून लोक लांबून लांबून येतात. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. जिना नसता तर मात्र एक गुडघा मागून पाहिला असता.

मला बघून एका म्हाताऱ्या साधूला दया आली. त्याने मला जिन्याखालच्या तेलाच्या खोलीत नेलं. तेलाचे डबे, वातींच्या जुड्या, काजळी पुसायची फडकी आणि एक स्टूल.

"बसा," साधू म्हणाला. "फक्त कानावर पडेल ते मनावर घेऊ नका."

काय वाक्य! संसाराचं सगळं सार एका ओळीत. सोमवारी फळ्यावर लिहायचं, असं मी ठरवूनही टाकलं. ती साधी सूचना होती हे साधूची पाठ वळल्यावर कळलं.

"बाबा," भिंत म्हणाली, "परीक्षेपुरतं सरांना आजारी पाड. फार नको. नुसता घसा बसव."

पुढारीचा आवाज मी झोपेतही ओळखीन. त्याच्यामागून एका मुलीने माझ्या लाल पेनाचं वाटोळं व्हावं असं मागितलं. 'वाटोळं'मधला 'ळ' सुरेख होता. मग ओळखीचं खाकरणं आलं आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "बाबा, निरोपसमारंभात या माणसाला दोन शब्द म्हणजे दोनच शब्द बोलायची बुद्धी दे."

मी उठायला हवं होतं. पण फुकटचं कोण सोडतो?

आणि मग बारकी.

"बाबा," ती म्हणाली आणि थांबली. "मला जायचंय. रागावून नाही जायचं. इंजीन बिघडलं की त्याला काय होतंय ते मला कळतं, तसं कवितेचं नाही कळत. आईला सांगितलंय, ती रडून मोकळी झाली. तुम्ही नको म्हणालात तर मी राहीन. पण मग नुसती राहीन. सोमवारी काय कळवू?"

बाकीची कार्टी अरे-तुरे करत होती आणि ही देवमाणसाला अहो-जाहो करत होती. संस्कार आमचे! पण कौतुक करायला जमेना. तिचं इतकं लांब बोलणं मी कधी ऐकलंच नव्हतं. छातीत दुखलं, खरंच दुखलं. ती गेली की घरात बिघडलेल्या वस्तू आणि आम्ही दोघं उरणार होतो.

वर ती उत्तराची वाट बघत उभी होती. एक शब्द, आणि पोर घरात राहणार. इतकी सोय आयती चालून आलेली. मी भिंतीला तोंड लावलं, पोटातून आवाज काढला आणि म्हणालो, "पुरे!"

वर तिची पावलं लांब गेली.

परतीच्या बसमध्ये बारकी आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली. चेहरा असा फुललेला की मला शंका आली.

"मागितलंस का काही?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"विचारलं. उत्तरही आलं."

"काय?"

"पुढे. म्हणजे जाच. सोमवारी येते म्हणून कळवते."

जीभ चावून बसलो असतो तर निभावलं असतं. पण असा धडधडीत अशुद्ध उच्चार माझ्या नावावर?

"पुढे कसं असेल!" मी ओरडलो. "र होता तो! स्वच्छ र! पुरे!"

अख्ख्या बसने माना वळवल्या.

"माहितीये," बारकी म्हणाली. "तुमचे उच्चार फार शुद्ध आहेत, बाबा."

सहल अजून संपली नव्हती आणि तिने मला बाबा म्हटलं होतं. नियमाची आठवण करून द्यायला मी तोंड उघडलं, आणि डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे वर तू बाबा म्हणालीस ते..."

"कोनाड्याजवळचे साधू सगळ्यांना सांगतात, जपून बोला, खाली तेलाच्या खोलीत ऐकू जातं. तुम्ही तिथे बसलाय हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं."

मागच्या बाकावर पुढारीला खोकल्याची उबळ आली. मोठ्या बाई खिडकीबाहेरचं एक झाड फार निरखून बघू लागल्या. झाड केव्हाच मागे गेलं होतं.

"घरी पहिल्याच वाक्याला पुरे म्हणता," बारकी म्हणाली. तिचा आवाज आता हलत होता. "भिंतीआडून निदान शेवटपर्यंत ऐकलंत. तेच आता माझ्याकडे बघून म्हणा. मी नाही जाणार."

मी तिच्याकडे पाहिलं. देव होऊन जे फटकन म्हणता आलं, ते बाप होऊन जिभेवर येईना. घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"पुढे?" मी म्हणालो.

तिने बाहीने डोळे पुसले.

"पुढे काय," ती म्हणाली, "तुम्हाला खुर्चीचा पाय आवळायला शिकावं लागेल. उद्या दाखवते."